पैसे देऊन लेखक? : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार काका,

(पंचाहत्तरी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते. राग नसावा.)

इंदूरच्या मराठी वस्त्यांवरचं माझं पहिलं पुस्तक स्वखर्चाने काढण्याच्या अनुभवावर मी जो लेख लिहिला, त्यावर तुम्ही पुण्याहून लांबलचक आणि चांगली तिखट प्रतिक्रिया दिलीत. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी सारांश सांगते. काकांची हयात मुद्रितशोधनात, म्हणजे छपाईआधी प्रूफं तपासण्यात गेली. त्यांच्या मते प्रकाशक ही चाळणी असते, ती चुकवून पैसे देऊन लेखक होणाऱ्यांनी मराठीत कचरा करून ठेवलाय आणि माझा लेख अशांना चढवून देतो. खर्चाबद्दल मी भरभरून बोलले, पण खपाबद्दल गुळमुळीत राहिले, ही दुसरी तक्रार. पुस्तकही त्यांनी वाचलंय. त्यातली मराठी हिंदाळलेली आहे, मुद्रणदोषही दिसले, असं ते म्हणतात. आणि जाताजाता एक टोला: "इंदुरात मराठी वाचतं तरी कोण?"

चाळणीपासूनच सुरुवात करते, कारण खरा वाद तिथे आहे. तुम्ही ज्या काळात काम केलंत तेव्हाची चाळणी मला पूर्ण मान्य आहे. प्रकाशक स्वतःचे पैसे घालायचा. कागद त्याचा, छपाई त्याची, गठ्ठे गोदामात पडून राहिले तर नुकसानही त्याचंच. म्हणून हस्तलिखित दहा वेळा उलटंपालटं करून बघितलं जायचं. साहित्याची कळकळ त्यात होतीच, पण जाळी बारीक राहायची ती अडकलेल्या पैशामुळे. असे प्रकाशक आजही आहेत. मी त्यांना हस्तलिखित पाठवलं होतं. इंदूरच्या मराठी वस्त्यांवरच्या ललित लेखांना महाराष्ट्रात गिऱ्हाईक मिळणार नाही, असं त्यांनी सभ्य शब्दांत कळवलं. तो त्यांचा व्यवहार झाला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

एकाचं उत्तर मात्र तुम्ही ऐकाच. त्यांना पुस्तक "अतिशय भावलं". छापायलाही तयार होते, फक्त ३०० प्रती मी आगाऊ पैसे भरून विकत घ्यायच्या. आवृत्ती किती प्रतींची काढणार, असं विचारलं, तर ३००चीच!

म्हणजे पैसे माझे, गठ्ठे माझ्या माळ्यावर आणि पुस्तकाच्या पाठीवर नाव त्यांचं. तिथे होकार दिला असता तर तुमच्या हिशेबाने मी चाळणीतून गेलेली लेखिका ठरले असते. नाकारायचं काहीच कारण ज्याला नाही, तो निवड कशाला करेल? पैसे देऊन लेखक होणं म्हणजे हे, काका, आणि त्याची पाटी अनेकदा मोठी भारदस्त असते. स्वतः प्रकाशक होणं हा वेगळा उद्योग आहे. तुम्ही दोन्हींना एका दावणीला बांधलंत, एवढाच माझा आक्षेप आहे. स्वतः प्रकाशक झालं की चाळणीही आपल्याच पैशाने आणावी लागते, आणि तिने आपलंच लाडकं लिखाण बाहेर काढलं की निमूट बसावं लागतं.

म्हणून माझा पहिला खर्च मुखपृष्ठावर झाला नाही, छपाईवरही नाही. तो संपादनावर झाला. देवासच्या एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंना विचारलं, मानधन आधी ठरवलं आणि लिहून दिलं. ओळखीच्या माणसाकडून फुकटात संपादन करून घेऊ नये, असं माझं ठाम मत झालंय. फुकटात कौतुक मिळतं. मानधन घेतलेल्या माणसाला मात्र वाईट बोलायचा हक्क वाटतो, आणि आपल्याला ते ऐकून घ्यावं लागतं. बाईंनी पहिल्याच बैठकीत सराफ्यावरचा, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीवरचा लेख बाजूला काढला. म्हणाल्या, "सराफ्यावर न लिहिलेला इंदूरकर अजून जन्माला यायचाय. यात तुमचं काय आहे?" मला तो लेख फार आवडत होता. गेला. दुसरा लेख अर्धा झाला, कारण त्यातली नातेवाइकांची यादी आमच्या घराबाहेर कोणाला कळण्यासारखी नव्हती. एखाद्या नामवंत प्रकाशनाच्या संपादकाने याहून वेगळं काय केलं असतं?

हिंदाळलेल्या मराठीचा निर्णयही त्याच बैठकीतला. निवेदन सरळ प्रमाण मराठीत ठेवायचं आणि माणसं बोलतील तेव्हा त्यांना त्यांच्यासारखं बोलू द्यायचं, असं ठरलं. आमच्याकडे "लाइट चालली गेली" म्हणतात. तुम्हाला ते खटकणार, हे आम्हाला ठाऊक होतं. पण राजवाड्यामागे जन्म काढलेली माझी आजी पुस्तकात सदाशिव पेठेतल्यासारखी बोलायला लागली असती, तर इथल्या वाचकांनी मला रस्त्यात गाठून जाब विचारला असता. निवेदनात कुठे हिंदी घुसलेली सापडली असेल तर जरूर झोडपा. आजीला मात्र सोडा.

आता तुमच्या प्रांतात येते, म्हणून जरा रंगवून सांगते. इंदुरात छापखान्यांना तोटा नाही. अक्षरजुळणी करणारी मुलंही हुशार आणि हात वेगवान. पण सगळी हिंदीची. मी फाइल युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर सारखीच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) दिली होती, ती त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये रूपांतरित झाली आणि पहिलं प्रूफ आलं. वरवर बघता झकास. वाचायला घेतलं तर सातपुड्याच्या "दऱ्या" सगळीकडे "दर्या" झालेल्या! साऱ्या, म्हाताऱ्या, गाणाऱ्या, पायऱ्या, प्रत्येकीच्या डोक्यावर रफार. "तऱ्हा"ची तीच तऱ्हा. आणि "ॲ" जिथे जिथे होता तिथे कुठे "ऍ", तर कुठे नुसता चौकोन. ऱ्य आणि ऱ्ह ही जोडाक्षरं हिंदीला लागतच नाहीत, त्यामुळे त्या फॉन्टला त्यांची ओळख नाही आणि त्या मुलाच्या डोळ्यालाही नाही. तो मला मनापासून म्हणाला, "मैडम, पढ़ने में तो आ रहा है।" त्याचं काय चुकलं? पायऱ्या काय नि पायर्या काय, त्याला दोन्ही सारखेच परके.

उपाय दोन होते. सगळी प्रूफं हाताने दुरुस्त करायची, किंवा पान मांडणीही युनिकोडमध्येच करून घ्यायची. दुसरा निवडला, कारण हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या दुरुस्तीत पुन्हा बिघडते, हे तुम्हाला मी सांगायला नको. इतर इंदूरकरांना, ग्वाल्हेरकरांना, बडोदेकरांना मात्र कळकळीने सांगते: अक्षरजुळणी ठरवण्याआधी एक चिठ्ठी टाइप करून मागा. तिच्यात पायऱ्या, तऱ्हा, ॲल्युमिनियम, वाङ्मय आणि महत्त्व एवढे शब्द असू द्या. दोन मिनिटांत निकाल लागतो. शिवाय ल आणि श बघा. महाराष्ट्र शासनाने २००९मध्ये मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श असा निर्णय काढला. हिंदी फॉन्टमध्ये ही दोन्ही अक्षरं हिंदी वळणाची येतात. वाचकाला नेमकं काय खुपतंय ते सांगता येत नाही, पण पान परकं वाटतं. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा युनिकोड फॉन्ट मोफत मिळतो, त्यामुळे पैशाची सबबही नाही.

खपाचं गुळमुळीत ठेवलं म्हणता, तर मोकळं सांगते. २०० प्रती छापल्या, डिजिटलवर, म्हणजे प्लेट न बनवता थेट संगणकावरून. शंभराच्या आसपास नावं छपाईआधीच नोंदलेली होती. आज माळ्यावर चाळीसएक आहेत. भेट दिलेल्या प्रती खपात धरू नयेत, हे तुमचं वाक्य मला इतकं पटलं की पुढच्या लेखात तुमच्या नावानिशी वापरीन. आपल्याकडे पुस्तक निघालं की नातेवाइकांना ते सत्यनारायणाच्या प्रसादासारखं हातावर हवं असतं. "सही करून एक प्रत ठेव गं माझ्यासाठी" म्हणणाऱ्या मावशीला मी "२५० रुपये, मावशी" म्हटलं, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण तिने घेतलं, आणि पैसे मोजल्यामुळे वाचलंही. मग फोन करून पान ४१वरच्या नऊवारीचा रंग चुकला असल्याचं सांगितलं.

दोनशेच का, हेही तुम्ही विचारलंय. ऑफसेटवर, म्हणजे प्लेट बनवून केलेल्या छपाईत, प्रती वाढल्या की दर प्रतीचा खर्च उतरतो. प्लेटचा आणि यंत्र लावण्याचा खर्च एकदाच होतो, तो जितक्या जास्त प्रतींवर पसरेल तितकं बरं. छापखानेवाले हेच दाखवून हजाराचा आकडा गळी उतरवतात. पण उतरलेला दर हा विकल्या गेलेल्या प्रतींनाच उपयोगी. माळ्यावरच्या प्रतीला दर नसतो, तिला वाळवी असते.

उलट बाजूने हिशेब मांडा. समजा डिजिटलवर प्रत १०० रुपयांना पडली आणि किंमत ठेवली २५०. मराठी पुस्तकांच्या धंद्यात वितरकाचं कमिशन ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जातं. ५० धरलं तर हातात १२५. छपाई वजा जाता २५. या २५ रुपयांत संपादन, जुळणी, मुखपृष्ठ आणि पुस्तकं पोहोचवण्याचा खर्च बसवायचा, आणि तेही पैसे वेळेवर आले तर. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी नसला तरी कागद आणि छपाईच्या बिलावर तो असतो, आणि पुस्तकच करमुक्त असल्याने तो वळता करून घेता येत नाही. थोडक्यात, कमी प्रतींचं पुस्तक वितरकामार्फत विकायला निघालं तर हिशेबात बसायचं नाव नाही. ते थेट वाचकालाच विकावं लागतं. म्हणून माझ्या मते छापखान्यात जाण्याआधी लेखकाकडे वाचकांच्या पत्त्यांची वही हवी. ती नसेल तर पुस्तक थोडं थांबलेलं बरं. माझा लेख लोकांना चढवून देतो असं तुम्ही म्हणता, पण त्यातला हा भाग वाचून एका ओळखीच्या गृहस्थांनी छपाई पुढे ढकलली आणि ते माझ्यावर अजून नाराज आहेत.

थेट विकायचं म्हणजे टपाल आलं, आणि टपाल म्हणजे वजन. आधी रजिस्टर्ड बुक पोस्ट ही पुस्तकांसाठीची स्वस्त सोय होती. डिसेंबर २०२४मध्ये ती अचानक बंद झाली आणि छोट्या प्रकाशकांची तोंडचं पाणी पळाल्यागत अवस्था झाली. १ मे २०२५पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. जमिनीवरून जातं, त्यामुळे सावकाश पोहोचतं. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं असावं लागतं. हे कळल्यावर मी कागद ठरवायच्या आधी तराजू काढला. डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाचा आकार, १७६ पानं, म्हणजे सोळा पानी अकरा फर्मे बरोबर (फर्मा म्हणजे एका कागदावर छापून दुमडलेली पानं). आतला कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम), वर ३०० जीएसएमचं मुखपृष्ठ, तर प्रत साधारण २०५ ग्रॅम भरते आणि पाकिटासकट ३००च्या आत आरामात बसते. छापखानेवाला १०० जीएसएमचा "रॉयल" कागद सुचवत होता. त्याने पुस्तक जाडजूड, भारदस्त दिसलं असतं आणि पाकीट, पुठ्ठा धरून वजन काट्याच्या अगदी कडेला जाऊन बसलं असतं. पुण्याला, ठाण्याला, नागपूरला राहणारे मूळचे इंदूरकर हेच माझे निम्मे वाचक. त्यांच्या प्रत्येक प्रतीमागे टपालाचा खर्च आधीच कळलेला बरा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, त्याबद्दल तुम्ही "हल्ली कोणालाही विकत मिळतो" असं लिहिलंय. विकत नाही, काका, तो फुकट आहे. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो देते, लेखकाला स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करता येतो आणि शुल्क काही नाही. विकतात ते मधले "पॅकेज"वाले. आयएसबीएन, मुखपृष्ठ, "जागतिक वितरण" आणि एक सन्मानचिन्ह असं सगळं एका दरात. जागतिक वितरण म्हणजे संकेतस्थळावर एक पान. नवीन माणसाला एवढंच सांगते की त्या यादीतली प्रत्येक गोष्ट वेगळी काढून तिची किंमत विचारा. निम्म्या गोष्टी फुकट निघतील आणि उरलेल्या नको असतील. किंडलवर मराठी ई-पुस्तकही स्वतःच टाकता येतं, त्यालाही कोणाची मध्यस्थी लागत नाही.

एक काम मात्र या पॅकेजांत सहसा नसतं, आणि ते कायद्याने प्रकाशकाचं आहे. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकाची प्रत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना ३० दिवसांच्या आत पाठवावी लागते. स्वतः पुस्तक काढणारे फार थोडे लोक हे करताना दिसतात. मी पाठवल्या. तुमच्या मते ते कचऱ्यात भर घालणं असेल, पण इंदूरच्या रामबागेतल्या मराठी बिऱ्हाडांबद्दल पन्नास वर्षांनी कोणाला काही शोधायचं झालं, तर निदान चार शहरांत एकेक प्रत असेल.

राहिला शेवटचा टोला. इंदुरात मराठी वाचतं कोण? काका, या गावात तीन वेळा मराठी साहित्य संमेलन भरलंय: १९१७, १९३५ आणि २००१. शेवटच्या खेपेला अध्यक्ष विजया राजाध्यक्ष होत्या. महाराष्ट्र साहित्य सभा आहे, तिचं ग्रंथालय आहे. सानंद न्यास या इथल्या नाट्यसंस्थेकडे नाटक आलं की एका प्रयोगात भागत नाही, लागोपाठ प्रयोग लावावे लागतात. पण मी हे सगळं सांगून स्वतःचीच फसवणूक करणार नाही, कारण तुमच्या प्रश्नात तथ्य आहे. आमच्याकडे मराठी ऐकणारे खूप आहेत, बोलणारे बऱ्यापैकी, वाचणारे कमी. माझ्या भाचीला नाटकातला प्रत्येक विनोद कळतो, पण छापील मराठी पान ती बोट ठेवून वाचते, कारण शाळा इंग्रजी आणि दुसरी भाषा हिंदी. खजुरी बाजारात पुस्तकांच्या दुकानांची रांग आहे, तिथे मी एका दुकानदाराला प्रती ठेवाल का विचारलं. तो म्हणाला, "मराठी? रख तो लूँ, लेगा कौन?" तुमचाच प्रश्न, फक्त हिंदीत.

म्हणून दुकानाचा नाद सोडला आणि वाचून दाखवायला सुरुवात केली. गणेशोत्सवात, भिशीत, एका सोसायटीच्या हॉलमध्ये, कोणाच्या साठीला. वीस मिनिटं, एक लेख, चहाच्या आधी. (चहाच्या नंतर वाचू नये. लोक उठतात.) ज्यांना वाचायला जड जातं ते ऐकून खूश होतात आणि घरातल्या वाचणाऱ्यासाठी प्रत घेऊन जातात. छपाईनंतरच्या सर्वांत जास्त प्रती अशाच गेल्या. स्नेहलतागंजात एक सूनबाई आल्या होत्या, माहेर कानपूरचं. त्यांनी सासऱ्यांसाठी पुस्तक घेतलं आणि मला विचारलं, "इसमें तोपखाने वाला जो आपने पढ़ा, वो किस पन्ने पर है?" पान दुमडून दिलं. सासरे वाचतील आणि त्या ऐकतील. ही विक्री कुठल्या वितरकाच्या वहीत बसणार? आणि पुण्यात बसलेल्या प्रकाशकाने इथे येऊन ती का करावी? त्याला परवडणारच नाही. मला परवडते, कारण मी इथेच राहते आणि भिशीला तशीही जातेच.

तेव्हा प्रकाशक नकोत असं मी कुठेही म्हटलेलं नाही. कादंबरी असती, महाराष्ट्रभर जाण्यासारखा विषय असता, तर मी अजूनही त्यांच्याच दारात उभी असते. हे पुस्तक एका गावाचं आहे आणि त्याचे वाचक मला नावानिशी माहीत आहेत. अशा पुस्तकाला मधला माणूस लागत नाही. संपादक मात्र लागतो, मुद्रितशोधक लागतो आणि त्यांचे पैसे वेळेवर द्यावे लागतात.

त्यावरूनच शेवटचं. मुद्रणदोष दिसले असं तुम्ही लिहिलंत, पण कुठल्या पानांवर ते लिहिलं नाहीत. माळ्यावरच्या प्रती संपत आल्या की पुढच्या शंभर छापायच्या आहेत आणि फाइल माझ्याच संगणकात आहे. तर प्रत पुन्हा एकदा हातात घ्या, लाल पेनाने खुणा करा आणि ज्ञान पोस्टानेच माझ्या पत्त्यावर धाडा. पत्ता पुस्तकाच्या चौथ्या पानावर आहे. फर्म्यामागे तुमचं मानधन काय, ते आधी कळवा. "असू दे, राहू दे" चालणार नाही.